अकराची घार

ड्रोन वाहतुकीच्या त्या कक्षात 'इतर' या बटणाला कोणी बोट लावत नसे. नवीन माणूस कामावर आला की खुर्ची कशी वरखाली करायची हे सांगायच्या आधी त्याला ते बटण दाखवलं जाई आणि बजावलं जाई, बाबा रे, हे सोडून काहीही दाब.

त्याचं असं होतं. शहरावरून उडणारा प्रत्येक नोंदणी केलेला ड्रोन पडद्यावर आपला नंबर घेऊन दिसे. औषधांचे हिरवे, पार्सलचे निळे, इमारती आणि तारा तपासणारे पिवळे. ज्याला नंबर नाही तो ठिपका करडा. करडा ठिपका आला की यंत्र पिपाणी वाजवून विचारी, हे काय आहे? खाली पाच उत्तरं : पक्षी, पतंग, फुगा, पिशवी, इतर. पहिल्या चारांपैकी एक दाबलं की पिपाणी बंद, विषय बंद. 'इतर' दाबलं की अकरा रकान्यांचा एक फॉर्म उघडे, आणि तो भरून होईपर्यंत त्या टेबलाचा पडदा अडकून राही. म्हणजे आपले चाळीस ड्रोन शेजारच्याच्या गळ्यात. शेजारच्याचे आधीच चाळीस. तेव्हा सगळे शहाणे लोक 'पक्षी' दाबत.

परिणामी नोंदींमध्ये या शहरात माणसांपेक्षा पक्षी जास्त झाले. मुख्य कार्यालयाने चिंतेत पडून एक पक्षीतज्ज्ञ पाठवला. तो बिचारा दोन दिवस दुर्बीण घेऊन गच्चीवर उभा राहिला, बारा कावळे मोजले आणि इथली हवा पक्ष्यांना मानवत नाही असा अहवाल देऊन निघून गेला. कक्षाच्या साहेबांनी नोंदी आणि अहवाल असे दोन्ही कागद एकाच फायलीत लावले आणि फाईल कपाटात ठेवली.

ताईला या सगळ्याचा मनस्वी वैताग होता. कक्षात सगळे तिला ताईच म्हणत, वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. नऊ वर्षं ती त्याच खुर्चीत बसत होती. दिवसभर आकाश सांभाळायचं आणि खिडक्यांचे पडदे मात्र ओढलेले, कारण उजेडाने स्क्रीन चमकते. थंडी इतकी की उन्हाळ्यातही शाल. शेजारच्या टेबलावर मास्तर. हे आधी शाळेत भूगोल शिकवत, आणि अजूनही प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहून दाखवल्यासारखं सावकाश बोलत. माणूस सोन्यासारखा, पण त्यांचं वाक्य संपेपर्यंत दोन ड्रोन शहराबाहेर जात.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे अप्पा.

अप्पा म्हणजे ताईचे वडील. वय एकोणऐंशी. पाणीपुरवठा खात्यात चाळीस वर्षं व्हॉल्व्ह उघडले-बंद केले, आणि निवृत्त झाल्यावर घरातल्यांचे करू लागले. रक्तदाबाची गोळी अकराला घ्यायची, हे डॉक्टरांनी दहादा सांगितलेलं. म्हणून ताई रोज अकरा वाजून पाच मिनिटांनी टेबलावरच्या फोनवरून त्यांना आठवण करी. आणि गेले दोन महिने अप्पा रोज दुसऱ्या रिंगला फोन कापत. संध्याकाळी विचारलं की ठरलेलं उत्तर, "बाथरूममध्ये होतो."

"रोज अकरा पाचलाच?"

"पोरी, या वयात वेळ आपल्या हातात असते होय?"

ताईने हात टेकले होते. तरीही ती रोज फोन करी आणि रोज तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. पुढे पुढे ते तिच्या दिनक्रमातच बसलं. अकराला घार, अकरा पाचला अप्पा.

घार ही दुसरी कटकट. अकरा वाजले की ब-१४ या चौकटीत एक करडा ठिपका वर येई. चौकट ताईच्याच टेबलाची, आणि तिचं घरही त्याच चौकटीत, पण तिथे घरं हजारभर. ठिपका सातआठ मिनिटं घुटमळे, मध्येच हवेत एका जागी थिजून उभा राही, मग परत फिरे आणि खाली जाई. पहिल्या दिवशी ताईने नीट पाहिलं होतं. हवेत स्थिर राहणारा पक्षी म्हणजे घार, असं मास्तरांनी भूगोलाच्या अधिकाराने सांगितलं. घारीला शिकार दिसली की ती अशी थांबते, म्हणाले. ताईने 'पक्षी' दाबलं. दुसऱ्या दिवशीही दाबलं. मग बोटाला सवय लागली.

"एक मात्र आहे हं ताई," मास्तर एकदा म्हणाले होते, "तुमची घार... रविवारी येत नाही. तुमची सुट्टी... आणि तिची सुट्टी... एकाच दिवशी."

"तिलाही माझ्याइतकाच वैताग आला असेल," ताई म्हणाली होती, आणि दोघं हसले होते. पुढे कोणी विचार केला नाही.

तीस वेळा 'पक्षी' दाबल्यावर यंत्र शिकलं. शिकणारं यंत्र ही साहेबांची मोठी अभिमानाची गोष्ट होती. त्याने ब-१४ साठी पिपाणी वाजवणं बंद केलं, ठिपका फिकट करून टाकला आणि शेजारी आपणच लिहिलं, 'पक्षी, नेहमीचा'. ताईने फक्त होकार द्यायचा. त्या दिवशी तिला खरंच बरं वाटलं होतं. एक तरी पिपाणी कमी झाली.

तर त्या गुरुवारी सकाळपासूनच सगळं अंगावर येत होतं. लिफ्ट बंद, सहा मजले चढून आलेली. औषधांचा एक ड्रोन चुकीच्या बाल्कनीत उतरला होता आणि तिथल्या बाईने तो टोपलीखाली झाकून ठेवला होता. एक तारा तपासणारा कंत्राटदार तीनदा परवानगी मागून तिन्ही वेळा वेगळ्याच रस्त्याने गेला. साहेबांनी 'आपला कप आपणच धुवावा' अशी सूचना सगळ्यांना पाठवली होती, आणि कप साहेबांचाच होता.

अकरा वाजून तीन मिनिटांनी रेडिओवर ॲम्ब्युलन्स हेलिकॉप्टरचा आवाज आला. वैमानिक बाई होत्या, आवाज कोरडा आणि नेमका. रेल्वे यार्डातला एक फिटर, मांडीवर डब्यांचा लोखंडी जोड पडलाय, रक्त थांबत नाहीये, सोबत डॉक्टर आहेत. इस्पितळाच्या गच्चीवर उतरायचंय, पाच मिनिटांत पोहोचतो, मार्ग द्या.

असं काही आलं की ताईचा सगळा वैताग बाजूला पडे. तिने मार्गावरचे निळे-पिवळे सगळे ठिपके दोन बाजूंना सारले, दोघांना जागच्या जागी उतरवलं. यंत्राने हिरवी रेघ आखली. ती ब-१४ वरून तिरकी खाली येत इस्पितळाच्या गच्चीला भिडत होती. ब-१४ मध्ये फिकट ठिपका होता, बाजूला लिहिलेलं, 'पक्षी, नेहमीचा'. रेघेखाली लिहिलेलं, 'मार्ग मोकळा'. तिने मार्ग दिला.

आता अर्धं मिनिट नुसतं बघायचं होतं. घड्याळात अकरा पाच झाले होते. डोळे रेघेवरून न हलवता तिने हाताच्या सवयीने अप्पांचा नंबर लावला.

एक रिंग गेली. ठिपका एका गच्चीभोवती सरकत होता, तो जागीच थांबला. दुसरी रिंग. तिकडून फोन कापला गेला, आणि ठिपका पुन्हा सरकू लागला.

ताईच्या कपाळावर आठी पडली. तिने पुन्हा नंबर लावला. ठिपका थांबला. फोन कापला गेला. ठिपका सरकला.

तिसऱ्यांदा तिने लावला आणि एक रिंग जाताच स्वतःच ठेवून दिला. ठिपका थांबला आणि सरकला, अगदी तेवढ्याच वेळापुरता.

तिने ब-१४ चा नकाशा मोठा केला. वरून काढलेलं जुनंच चित्र, पण त्यात एक गच्ची होती, गच्चीवर निळ्या झाकणाची टाकी आणि टाकीच्या सावलीत लोखंडी खाट. त्या खाटेचा एक पाय विटेवर टेकवलेला होता. चित्रात वीट दिसत नव्हती, पण ताईला ती दिसली, कारण ती तिनेच ठेवली होती.

धाकटा भाऊ मागच्या खेपेला आपल्या पोराचं एक खेळण्यातलं ड्रोन घरी विसरून गेला होता. ते माळ्यावर खोक्यात आहे, अशी ताईची समजूत होती. ते मोबाईलवरून चालतं. मोबाईलवर फोन आला की पडद्यावरचं चित्र जातं आणि ते हवेत जागच्या जागी उभं राहतं. इतकं साधं होतं. दोन महिने ती रोज फोन करून घार थांबवत होती आणि रोज बोटाने तिला पक्षी ठरवत होती.

"हेलिकॉप्टर," ती म्हणाली. आवाज आपला आपल्यालाच परका वाटला. "जुन्या पुलाच्या अलीकडे थांबा. मी सांगेपर्यंत पुढे येऊ नका."

"कारण?"

"मार्गात नोंद नसलेला ड्रोन आहे."

"माझ्याकडे पक्षी दिसतोय. मार्ग मोकळा दिसतोय."

"यंत्र चुकतंय. मीच त्याला चुकीचं शिकवलंय. थांबा."

"थांबते. पण माझ्याकडे फार वेळ नाही. डॉक्टर हाताने शीर दाबून बसलेत. दुसऱ्या बाजूने येऊ?"

"दुसऱ्या बाजूला बांधकामाची क्रेन आहे. एक मिनिट द्या."

हेलिकॉप्टर थांबलं की साहेबांच्या खोलीत लाल दिवा लागे. साहेब रुमालाने हात पुसत बाहेर आले. बहुतेक कप धूत असावेत.

"ताई, काय हे? कशासाठी थांबवलंत?" त्यांनी पडद्यावर वाकून पाहिलं. "पक्षी आहे हा! नेहमीचा! आपण पक्ष्यासाठी पेशंट अडवून ठेवणार? उद्या मला वर उत्तर द्यायचंय. सोडा आधी तिला."

"साहेब, हा पक्षी नाही."

"यंत्र म्हणतंय पक्षी. तुम्हीच एकावन्न वेळा म्हणालात पक्षी. मग आहे कोण हा?"

"माझे वडील," ताई म्हणाली.

मास्तरांनी, आयुष्यात प्रथमच, झटपट हालचाल केली. तिचे सगळे ड्रोन स्वतःच्या पडद्यावर ओढून घेतले.

आता अप्पांना खाली कसं उतरवायचं? फोन केला तर ड्रोन तिथेच लटकणार. नाही केला तर ते आपल्या मर्जीने फिरवत बसणार. आणि फोन ते उचलणार नाहीतच, दोन महिन्यांत एकदाही उचलला नव्हता. पण ते त्या टाकीभोवतीच घिरट्या का घालत होते? अकरा वाजता काय असतं? अकरा वाजता वॉचमन पाण्याची मोटर लावतो.

तिने वॉचमनच्या केबिनचा नंबर लावला. सात रिंग गेल्या. सातही रिंगांना ताई मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

"हां, कोण?"

"मी वरच्या मजल्यावरची ताई. मोटर बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"ताई, अजून टाकी भरली नाय. अप्पा वरून ओरडले की मी बंद करतो. तसं ठरलंय आमचं."

"मी सांगतेय ना! बंद करा!"

"तुम्ही सांगाल हो, पण मग अप्पा मला फाडून खातात. परवा दोन मिनिटं आधी बंद केली तर तासभर—"

"अरे माणसा!" ताई इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या खोलीतला शिपाई दारात आला. "तुझ्या डोक्यावरून हेलिकॉप्टर यायचंय, त्यात मरायला टेकलेला माणूस आहे! मोटर बंद कर आणि मग हवं तेवढं बोल!"

फोन आपटल्याचा आवाज आला. ठेवला नव्हता, नुसता टाकला होता, कारण मागून मोटरची घरघर ऐकू येत होती. मग ती घरघर खाली खाली गेली आणि थांबली.

ताई ठिपक्याकडे पाहत होती. तो टाकीवर होता. हलला नाही. दहा सेकंद गेले. ती मनात म्हणत होती, अप्पा, पाणी थांबलं, बघा, धार थांबली, आता वर काय बघताय, या खाली. चाळीस वर्षं पाण्याचा आवाज ऐकलेला माणूस, धार थांबलेली त्यांना कळल्याशिवाय राहणार नाही. फोनमध्ये लांबून एक आवाज आला, ओळखीचा, चिडलेला, "अरे मोटर कुणी बंद केली रे?"

ठिपका सरकला. गच्चीच्या कडेला आला, आणखी फिकट झाला, आणि पडद्यावरून गेला.

"हेलिकॉप्टर, मार्ग मोकळा. या. सरळ या."

"येते," बाई म्हणाल्या.

एक मिनिट चाळीस सेकंद गेले होते. मास्तरांनी ते कागदावर लिहून ठेवलं होतं आणि कागद उलटा करून ठेवला होता. पंचवीस मिनिटांनी इस्पितळातून निरोप आला, फिटरला आत घेतलंय, जीव वाचेल असं वाटतंय, पायाचं उद्या कळेल. ताईने शाल घट्ट ओढून घेतली. ते शंभर सेकंद त्या पायात गेले की नाही, हे तिला कोणीही कधीच सांगू शकणार नव्हतं.

साहेब पुन्हा आले. या वेळी दार लोटून, आवाज उतरवून. "ताई, झालं ते झालं. हेलिकॉप्टर सुखरूप गेलं. आता हा ठिपका नेहमीसारखा पक्षी म्हणून बंद करा, मीही डोळेझाक करतो. उगाच चौकशी लागेल. तुमच्यावर लागेल, वडिलांवर लागेल, आणि मग एकावन्न पक्षी कुठून आले म्हणून माझ्यावरही."

साहेब वाईट माणूस नव्हते. खरं सांगायचं तर ताईला त्यांचं म्हणणं पटतही होतं. नऊ वर्षांची नोकरी होती, घरी एकोणऐंशी वर्षांचा बाप होता. बोट आपोआप यादीवर गेलं आणि 'पक्षी'वर येऊन थांबलं. सवय झालेलं बोट. उद्या अकराला दुसऱ्या कोणाच्या चौकटीत दुसरी कोणती तरी घार असेलच, हे तिला दिसत होतं.

तिने 'इतर' दाबलं.

पडदा अडकला. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि ते निघून गेले. मास्तर ऐंशी ठिपके एकट्याने सांभाळत म्हणाले, "सावकाश भरा. मला... घाई नाही."

ड्रोन उडवणाऱ्याचं नाव. पत्ता. पत्ता लिहिताना यंत्राने विचारलं, हा पत्ता माहिती देणाऱ्याच्या पत्त्याशी जुळतो, चूक झाली आहे का? ताईने दात खाऊन 'नाही' म्हटलं. माहिती देणाऱ्याचं उडवणाऱ्याशी नातं : शेजारी, ग्राहक, अनोळखी. मुलगी यादीत नव्हती. तिने 'शेजारी' दाबलं. यापूर्वी असं उड्डाण झालं आहे का? एकावन्न वेळा. ते कोणी पाहिलं? इथे तिने स्वतःचं नाव लिहिलं. कारवाई काय केली? पक्षी म्हणून बंद केलं.

मग उड्डाणाचं कारण. ते तिला नक्की माहीत नव्हतं, आणि आज तरी अंदाजाने काही लिहायचं नव्हतं. तिने घरी फोन लावला. अप्पांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"गोळी घेतली," ते आधीच म्हणाले.

"अप्पा, ते ड्रोन कशासाठी उडवत होतात?"

वॉचमनने सगळं सांगितलं असावं. "पेशंट कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. तुम्ही कशासाठी उडवत होतात?"

"टाकी बघायला. दुसरं काय बघायचंय मला वर? भरली की वॉचमनला हाक मारतो, नाहीतर वाहून जाते. रोज अर्धी टाकी पाणी गटारात जायचं, मला बघवत नव्हतं."

"मग शिडीवरून—" ताई बोलता बोलता थांबली.

"शिडीवर पाय ठेवलात तर मी घर सोडून जाईन, असं तूच म्हणालीस. पडलो होतो तेव्हा. मग नाही ठेवला. एकदाही नाही ठेवला हं, पोरी." आवाजात थोडी फुशारकी होती. मग ती गेली. "टाकीतला बॉल अडकतोय गं. टाकी भरली तरी पाणी बंदच होत नाही. दोन महिने सांगतोय तुला. तू म्हणतेस, बघते."

तिला आठवलं. रोज संध्याकाळी चपला काढता काढता कानावर पडायचं ते. अप्पांचं ते नेहमीचं. ती 'बघते' म्हणायची आणि आत जायची.

"अप्पा, घरी नोटीस येईल. तुमच्या नावाने. आणि माझं काय होईल ते माहीत नाही."

"येऊ दे. मी सही करीन. तू चिडलीयस का?"

"हो," ताई म्हणाली. "फार." आणि कोणावर ते न सांगता फोन ठेवला.

कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, गच्चीवरची टाकी भरली का ते पाहण्यासाठी. मुलीने शिडी चढायला मनाई केली होती.

शेवटचा रकाना उरला. हे उड्डाण टाळता आलं असतं का? असल्यास कसं? दोन ओळींची जागा होती. मास्तरांच्या टेबलावर पिपाणी वाजत होती, कुठला तरी करडा ठिपका. मास्तरांचं बोट हवेत थांबलं होतं आणि ते ताईकडे पाहत होते.

"नीट बघा आधी," ताई म्हणाली, आणि लिहू लागली.

हो. टाकीतला बॉल बदलायचा होता. त्यांनी मला रोज सांगितलं होतं.